‘हार्ड टी’ की ‘स्ट्रॉंग टी’? वाचकांच्या इंग्रजी शंका

या वेळच्या टपालात विशेषणांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आली. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे. मराठीत विशेषण आपल्या शेपटीवरून नामाशी नातं सांगतं: काळा घोडा, काळी गाय, काळ्या घोड्याला. इंग्रजीत त्याला शेपूटच नाही. तिथं नातं कळतं ते दोन गोष्टींवरून, विशेषण कुठं बसलं आहे आणि कोणाच्या शेजारी बसलं आहे. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. ती ‘टॉल्स ट्रीज’, ‘रेड्स फ्लॉवर्स’ असं लिहिते. बाई चूक काढतात, पण का चूक ते तिला समजत नाही. कसं समजावू?
– एक पालक, कोरेगाव

तुमच्या मुलीचं डोकं मराठीच्या नियमानं बरोबर चाललं आहे. ‘पिवळं फूल’चं ‘पिवळी फुलं’ होतं, म्हणजे नामाबरोबर विशेषणही बदलतं. म्हणून तिला वाटतं, ‘फ्लॉवर्स’ला एस लागला तर ‘रेड’नं काय घोडं मारलंय! तिला आधी मराठीतलीच दुसरी जात दाखवा. ‘सुंदर मुलगा, सुंदर मुलगी, सुंदर मुलं’, किंवा ‘लाल फूल, लाल फुलं, लाल फुलाला’. इथं ‘सुंदर’ आणि ‘लाल’ कुठंच हलत नाहीत. व्याकरणात यांना अविकारी विशेषणं म्हणतात. इंग्रजीतली झाडून सगळी गुणविशेषणं ‘लाल’सारखी आहेत, ‘पिवळा’सारखं एकही नाही. हे एकदा पटलं की ‘रेड्स’ आपोआप थांबतं.

अपवाद विचाराल तर दोनच जोड्या पाठ करायच्या. ‘धिस बुक, दीज बुक्स’ आणि ‘दॅट बुक, दोज बुक्स’. हे दाखवणारे शब्द मात्र अनेकवचनात बदलतात.

याच चुकीची दोन भावंडं पुढच्या इयत्तांत भेटतात, ती आताच दाखवून ठेवा. पहिलं भावंड: ‘गरिबांना मदत करा’ याचं ‘हेल्प द पुअर्स’. मराठीत ‘गरीब’ विशेषणाचं सरळ नाम होतं आणि त्याला ‘ना’ लागतो. इंग्रजीत ‘द पुअर’ एवढ्यातच ‘गरीब लोक’ हा अर्थ येतो, एस लावायचा नाही. क्रियापद मात्र अनेकवचनी: ‘द पुअर आर’, ‘द पुअर इज’ नव्हे. दुसरं भावंड: ‘अ फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय’. ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ हे बरोबर, कारण तिथं ‘इयर्स’ नाम म्हणून उभं आहे. तेच शब्द ‘बॉय’च्या आधी येऊन बसले की सगळे मिळून एक विशेषण होतात आणि विशेषणाला एस नाही, म्हणून ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. तसंच ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ टू-किलो बॅग’. मधली जोडरेघ सोडू नका. हे शब्द एकत्र बांधले आहेत, हे तीच सांगते.

आमचा हळद आणि बेदाण्याचा व्यापार आहे. बाहेरदेशी माल पाठवायचा म्हणून पाकिटावर इंग्रजी मजकूर छापायचा आहे. मुलानं लिहिलंय, ‘यलो राजापुरी लॉंग बेस्ट टर्मरिक फिंगर्स’ आणि ‘ग्रीन, लॉंग, नाइस तासगाव रेझिन्स’. शब्द सगळे बरोबर आहेत ना?
– एक व्यापारी, सांगली

शब्द बरोबर आहेत, रांग चुकली आहे. मराठीत आपण ‘जुनी मोठी पितळी घागर’ म्हणतो, ‘मोठी जुनी पितळी घागर’ म्हणतो, आणि भर द्यायचा असेल तर ‘पितळी, जुनी, चांगली मोठी घागर’ही चालते. इंग्रजीत ही मोकळीक फार थोडी आहे. तिथला नेहमीचा क्रम असा: आधी आपलं मत, मग माप, मग वय, मग आकार, मग रंग, मग मूळ ठिकाण, मग कशाचं बनलंय ते, आणि नामाला अगदी चिकटून ते कशासाठी आहे. म्हणून आपली घागर ‘अ बिग ओल्ड ब्रास वॉटर पॉट’ होते. यात ‘बिग’ माप, ‘ओल्ड’ वय, ‘ब्रास’ धातू, ‘वॉटर’ उपयोग.

पाठ करण्यापेक्षा यामागचं तत्त्व ओळखा. जो गुण वस्तूतून वेगळाच काढता येत नाही, तो नामाच्या जवळ. जो बघणाऱ्याच्या मनात आहे, तो सगळ्यांत लांब. घागर पितळेची आहे ही घागरीची गोष्ट. ती सुंदर आहे ही आपली गोष्ट, म्हणून ‘ब्युटिफुल’ सगळ्यांच्या पुढं उभं राहतं. मिरजेची जुनी, उत्तम सतार ‘अ फाइन ओल्ड मिरज सितार’ असते. ‘अ मिरज ओल्ड फाइन सितार’ म्हटलं तर इंग्रजी कानाला ठेच लागते.

आता तुमचं पाकीट. हळदीचं असं लिहा: ‘बेस्ट लॉंग यलो राजापुरी टर्मरिक फिंगर्स’. ‘बेस्ट’ मत, ‘लॉंग’ माप, ‘यलो’ रंग, ‘राजापुरी’ मालाची जात, आणि ‘टर्मरिक’ हे नाम इथं विशेषणाचं काम करून ‘फिंगर्स’ला चिकटलं आहे. त्याला एस लावू नका, ‘टर्मरिक्स फिंगर्स’ होत नाही. आमचं मत विचाराल तर ‘यलो’ काढून टाका. हळद पिवळी असते हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. रंगच सांगायचा तर ‘ब्राइट यलो’ किंवा ‘डीप यलो’ म्हणा, म्हणजे त्या शब्दाला काही काम राहील. नामाआधी दोन, फार तर तीन विशेषणं पुरतात. चौथं लावलं की वाचणारा पहिलं विसरतो. सांगलीच्या हळदीला 2018 साली आणि सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमचा माल त्यात बसत असेल, तर ‘बेस्ट’पेक्षा ‘सांगली टर्मरिक’ हे दोन शब्द जास्त वजनदार आहेत. ‘बेस्ट’ कोणीही छापतो.

बेदाण्याचं ‘नाइस लॉंग ग्रीन तासगाव रेझिन्स’ असं होईल, आणि स्वल्पविराम नकोत. स्वल्पविराम कधी द्यायचा याची एक सोपी चाचणी आहे. दोन विशेषणांच्या मध्ये ‘अँड’ घालून बघा आणि त्यांची अदलाबदल करून बघा. दोन्ही चाललं तर स्वल्पविराम द्या. ‘सॉफ्ट, ज्यूसी रेझिन्स’ चालतं, कारण ‘ज्यूसी अँड सॉफ्ट’ही चालतं. ‘ग्रीन अँड लॉंग रेझिन्स’ अडखळतं, म्हणून ‘लॉंग ग्रीन’मध्ये स्वल्पविराम नाही.

कडक चहाला इंग्रजीत काय म्हणायचं? मी ‘हार्ड टी’ म्हटलं तर सगळे हसले. डिक्शनरीत ‘कडक’ला ‘हार्ड’च दिलंय.
– बी. ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, सातारा

हसणाऱ्यांनी कारणही सांगायला हवं होतं. चहा कडक असेल तर ‘स्ट्रॉंग टी’, आणि पाणचट असेल तर ‘वीक टी’. पण एवढ्यानं तुमचं काम भागणार नाही. उद्या कडक शिक्षक येतील, परवा कडक ऊन पडेल.

‘कडक’ हा आपला एकच शब्द किती ठिकाणी राबतो ते बघा. कडक शिक्षक म्हणजे ‘अ स्ट्रिक्ट टीचर’. कडक कायदा म्हणजे ‘अ स्ट्रिंजंट लॉ’, आणि ‘स्ट्रिक्ट लॉ’ही चालतो. एप्रिल-मेमधलं कडक ऊन म्हणजे ‘स्कॉर्चिंग सन’ किंवा ‘हार्श सन’. थंडी कडक असेल तर ‘बिटर कोल्ड’, म्हणजे इंग्रजीत थंडी चक्क कडू होते. कडक भाकरी मुद्दाम कुरकुरीत भाजली असेल तर ‘क्रिस्प’, आणि शिळी होऊन वाळली असेल तर ‘हार्ड’. कॉलर कडक असेल तर ‘स्टिफ कॉलर’. कडक बंदोबस्त म्हणजे ‘टाइट सिक्युरिटी’. डिक्शनरीतला ‘हार्ड’ यांतल्या एकाच ठिकाणी बसला, तोही वाळलेल्या भाकरीवर.

यात डिक्शनरीची चूक नाही. विशेषणाचा अर्थ एकट्याचा नसतो, तो शेजारच्या नामाबरोबर ठरतो. मराठीत ‘कडक’नं ज्या नामांशी संसार मांडला, त्या प्रत्येक नामाचा इंग्रजीत वेगळा जोडीदार आहे. म्हणून वहीत विशेषणांची यादी करू नका. डाव्या बाजूला नाम लिहा, ‘टी’. समोर त्याचे जोडीदार, ‘स्ट्रॉंग, वीक, हॉट, मिल्की’. मग ‘रेन’, समोर ‘हेवी, लाइट, कंटिन्युअस’. मग ‘विंड’, समोर ‘स्ट्रॉंग, कोल्ड’. ‘हेवी विंड’ आणि ‘स्ट्रॉंग रेन’ हे इंग्रज सहसा म्हणत नाहीत, आणि ते कुठल्या नियमावरून काढता येत नाही. जोडी म्हणूनच लक्षात ठेवावं लागतं. रोज पाच नामं घेतली, तर महिन्यात दीडशे नामांची वही तयार होते, आणि तीच तुम्हाला जन्मभर पुरेल.

दुसरा असाच राबता शब्द ‘मोठा’. मोठा भाऊ म्हणजे ‘एल्डर ब्रदर’. बोलताना ‘बिग ब्रदर’ही चालतो, पण अर्जात ‘एल्डर’च लिहा. मोठा आवाज म्हणजे ‘लाउड’, मोठा पाऊस म्हणजे ‘हेवी’, मोठे केस म्हणजे ‘लॉंग’, मोठं अक्षर म्हणजे ‘कॅपिटल लेटर’. ‘तो मोठा माणूस आहे’ यात कर्तृत्व असेल तर ‘ग्रेट’, पदामुळं वजन असेल तर ‘इम्पॉर्टंट’, आणि फक्त अंगानं असेल तरच ‘बिग’. आणि शाळेतली मोठी सुट्टी ‘बिग हॉलिडे’ नसते, ती ‘लंच ब्रेक’ असते. ‘तिखट’चंही बघा. भडंग तिखट असेल तर ‘हॉट’ म्हणतात, पण गरम असलं तरी ‘हॉट’च. पाहुण्याला नेमकं सांगायचं तर ‘स्पायसी’ म्हणा, म्हणजे तो फुंकर मारत बसणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण चहाचा विषय निघालाच आहे म्हणून: ‘गरम गरम चहा’चं ‘हॉट हॉट टी’ करू नका. मराठीत विशेषण दोनदा म्हटलं की त्यात लाड येतो, ठसका येतो, किंवा ‘प्रत्येक’ असा अर्थ येतो. ‘त्यांना छोटी छोटी घरं दिली’ म्हणजे प्रत्येकाला एक छोटं घर. इंग्रजीत हे दुहेरी काम होत नाही. ‘पायपिंग हॉट टी’ म्हणा, ‘स्मॉल हाउसेस’ म्हणा, किंवा ‘ईच ऑफ देम गॉट अ स्मॉल हाउस’ असं उलगडून सांगा.

दहावीत डिग्री बदलण्याचे प्रश्न येतात. ‘अदर’ कधी घालायचं आणि कधी नाही, यात माझे मार्क नेहमी जातात.
– एक विद्यार्थी, वाई

डिग्री म्हणजे विशेषणाचं तुलनेतलं रूप: पॉझिटिव्ह म्हणजे साधं, कंपॅरेटिव्ह म्हणजे ‘पेक्षा’चं, सुपरलेटिव्ह म्हणजे ‘सर्वांत’चं. उदाहरण आपल्या राज्यातलं घेऊ. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची 1,646 मीटर.

सुपरलेटिव्ह: ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’
कंपॅरेटिव्ह: ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.’
पॉझिटिव्ह: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.’

मधल्या वाक्यातून ‘अदर’ काढून बघा. ‘कळसूबाई महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिखरापेक्षा उंच.’ पण कळसूबाई स्वतःच महाराष्ट्रातलं शिखर आहे, म्हणजे ती स्वतःपेक्षा उंच ठरली! म्हणून ‘इतर’ हवंच. आता दुसरं वाक्य: ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ इथं ‘अदर’ घातलं तर चूक, कारण एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही. घोकायची गरजच नाही, एक प्रश्न विचारा. जिच्याबद्दल बोलतोय ती वस्तू त्याच गटातली आहे का? असेल तर ‘अदर’, नसेल तर नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की हे मार्क परत मिळतात.

‘वन ऑफ द’ आलं की घडी वेगळी पडते. ‘महाबळेश्वर इज वन ऑफ द कूलेस्ट प्लेसेस इन महाराष्ट्र.’ त्याचं कंपॅरेटिव्ह, ‘महाबळेश्वर इज कूलर दॅन मोस्ट अदर प्लेसेस इन महाराष्ट्र’, आणि पॉझिटिव्ह, ‘व्हेरी फ्यू प्लेसेस इन महाराष्ट्र आर अ‍ॅज कूल अ‍ॅज महाबळेश्वर.’ यात मार्क जातात ते दोन जागी. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी हवं, ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ नाही, ‘स्टुडंट्स’. आणि ‘व्हेरी फ्यू’बरोबर ‘आर’.

दोनच वस्तूंची तुलना असेल तर सुपरलेटिव्ह होतच नाही, शोधत बसू नका. ‘द गोदावरी इज लॉंगर दॅन द कृष्णा’ याचं पॉझिटिव्ह करताना बाजू उलटवा आणि ‘नॉट’ घाला: ‘द कृष्णा इज नॉट अ‍ॅज लॉंग अ‍ॅज द गोदावरी.’ घाईत ‘नॉट अ‍ॅज लॉंगर अ‍ॅज’ लिहिलं जातं. दोन ‘अ‍ॅज’च्या मध्ये नेहमी साधं रूप, ‘-अर’ नाही.

‘-अर’ लावायचं की ‘मोर’, हे ठरवायला शब्द देवनागरीत लिहा आणि त्यात किती स्वर ऐकू येतात ते मोजा. ‘कोल्ड’ एक, म्हणून ‘कोल्डर’. ‘ब्युटिफुल’ तीन, म्हणून ‘मोर ब्युटिफुल’. दोन स्वरांचे शब्द मधले. ‘हॅपी’, ‘ईझी’, ‘हेवी’ असे वायनं संपणारे ‘हॅपियर, ईझियर, हेवियर’ होतात, तर ‘युजफुल’, ‘फेमस’, ‘मॉडर्न’ यांना ‘मोर’. ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’ यांना ‘-अर’ लावताना शेवटचं अक्षर दुप्पट लिहायचं असतं, म्हणजे ‘बिगर’मध्ये दोन जी, ‘हॉटर’मध्ये दोन टी. आणि ‘मोर बेटर’, ‘मोर टॉलर’ कधीही नाही. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आलेलंच आहे.

अजून एक बारकावा शेवटी. मराठीत ‘महाबळेश्वरची हवा साताऱ्यापेक्षा थंड आहे’ हे वाक्य बिनतक्रार चालतं. इंग्रजीत ‘द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन सातारा’ असं लिहिलं, तर हवेची तुलना शहराशी झाली. ‘दॅन दॅट ऑफ सातारा’ लिहा. आणि ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्यानंतर ‘दॅन’ नाही, ‘टू’.

कुपवाडच्या एमआयडीसीत मुलाखत आहे. ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब. आय अ‍ॅम हार्डवर्क’ असं म्हणायचं ठरवलंय. तपासून द्याल का?
– एक आयटीआय विद्यार्थी, मिरज

बरं झालं आधी विचारलंत. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘या नोकरीत मी मजेशीर आहे’ असा काहीसा होतो. ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन धिस जॉब’ म्हणा. ‘-इंग’ असलेलं विशेषण भावना निर्माण करणाऱ्याला लागतं, ‘-एड’ असलेलं ती ज्याला होते त्याला. मराठीत ही जोडी आहेच. ‘कंटाळवाणा’ म्हणजे ‘बोअरिंग’, ‘कंटाळलेला’ म्हणजे ‘बोअर्ड’. ‘थकवणारं काम’ म्हणजे ‘टायरिंग’, ‘थकलेला माणूस’ म्हणजे ‘टायर्ड’. बोलण्यात आपण ‘मला बोअर होतंय’ म्हणायला लागलो आणि हा फरक मिटला, तिथून ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ आलं. ते म्हणजे ‘मी कंटाळवाणा आहे’. मुलाखतीत हे म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरं वाक्य: ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग’ हे विशेषण, किंवा ‘आय वर्क हार्ड’. ‘हार्ड’ला एलवाय लावून ‘आय वर्क हार्डली’ अजिबात म्हणू नका. ‘हार्डली’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीच’, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही कामच करत नाही.

विशेषणानंतरचा छोटा शब्दही जपा. आपली मराठी तिथं हळूच आत येते. ‘माझ्यावर रागावले’ यातल्या ‘वर’चं ‘अँग्री ऑन मी’ होतं, पाहिजे ‘अँग्री विथ मी’. लग्न कोणा‘शी’ होतं म्हणून ‘मॅरीड विथ’ येतं, पाहिजे ‘मॅरीड टू’. मुलाखतीला लागणारे हे पाठ करा: ‘गुड अ‍ॅट वेल्डिंग’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘फॅमिलियर विथ लेथ मशीन्स’, ‘अवेअर ऑफ सेफ्टी रूल्स’, ‘केपेबल ऑफ डूइंग’. ‘केपेबल टू डू’ नाही.

कासला पर्यटकांना इंग्रजीत माहिती देतो. ‘द प्लॅटो लुक्स ब्युटिफुली इन सप्टेंबर’ म्हणालो तर एका पाहुण्यानं ‘ब्युटिफुल’ असं सुधारलं. क्रियापदानंतर तर क्रियाविशेषण येतं ना?
– एक गाइड, सातारा तालुका

पाहुणा बरोबर आहे, आणि तुमची शंकाही रास्त आहे. ‘शी सिंग्ज ब्युटिफुली’ यात गाण्याची क्रिया कशी, ते सांगितलंय. ‘द प्लॅटो लुक्स ब्युटिफुल’ यात पठार काही करत नाही. ‘लुक्स’च्या जागी ‘इज’ ठेवून बघा: ‘द प्लॅटो इज ब्युटिफुल.’ अर्थ टिकला, म्हणून विशेषण. ‘लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम’ यांना हीच कसोटी लावा. फुलांचा वास चांगला आला तर ‘द फ्लॉवर्स स्मेल गुड’, ‘वेल’ नाही. गार वारा असेल तर ‘द एअर फील्स कोल्ड’.

दोन गोष्टी तुमच्या बोलण्यात उपयोगी पडतील. ‘अलाइव्ह, अस्लीप, अवेक, अफ्रेड, अलोन’ ही विशेषणं नामाच्या आधी बसत नाहीत. ‘द बेबी इज अस्लीप’ चालतं, ‘अ‍ॅन अस्लीप बेबी’ चालत नाही, तिथं ‘अ स्लीपिंग बेबी’. आणि ‘समथिंग’, ‘एनीथिंग’ यांना विशेषण मागून लागतं: ‘यू विल सी समथिंग न्यू एव्हरी वीक.’ पठारावर फुलांचे रंग हंगामात पालटत जातात, हे सांगायला वाक्य नेमकं आहे.

‘अवर कंदी पेढा इज टू स्वीट’ अशी पाटी लावली तर चालेल?
– एक दुकानदार, सातारा

नको. ‘टू’ म्हणजे ‘खूप’ नाही, ‘नको इतकं’. गिऱ्हाईक वाचेल, ‘आमचा पेढा फाजील गोड आहे.’ ‘व्हेरी’ घाला. आणि पेढ्याचं कौतुक गोडीवरच कशाला? ‘रिच’ लिहा. त्यात खव्याचा दाटपणा आणि चव दोन्ही येतात.

‘लिटल’ आणि ‘अ लिटल’मध्ये एका ‘अ’चा एवढा काय फरक?
– एक शेतकरी, माण तालुका

उन्हाळ्यात विहिरीकडं बघून सांगा. ‘देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल’ म्हणजे थोडं आहे, चार दिवस निघतील. ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’ म्हणजे नसल्यातच जमा, टँकर सांगायला हवा. ‘अ’ आला की जवळ आहे त्याकडं लक्ष जातं, ‘अ’ गेला की नाही त्याकडं. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’ तसेच चालतात: ‘अ फ्यू गोट्स’ म्हणजे चार-दोन शेळ्या आहेत, ‘फ्यू गोट्स’ म्हणजे आता फारशा उरल्या नाहीत.

विशेषण मध्ये आलं की ‘अ’ लावू की ‘अ‍ॅन’?
– एक शिक्षिका, आटपाडी

‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ ठरतं ते लगेच पुढच्या शब्दावर, नामावर नाही. ‘अ फोर्ट’, पण ‘अ‍ॅन ओल्ड फोर्ट’. ‘अ‍ॅन अंब्रेला’, पण ‘अ ब्लॅक अंब्रेला’. मुलं ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं बघतात आणि फसतात, कारण प्रश्न उच्चाराचा असतो. आपल्याकडं त्यावर हुकमी उपाय आहे: पुढचा शब्द देवनागरीत लिहायला लावा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘अ‍ॅन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘ऑनेस्ट’ ऑनं सुरू होतं, म्हणून ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. ‘युजफुल’ यनं सुरू होतं, म्हणून ‘अ युजफुल बुक’. ‘वन’ वनं, म्हणून ‘अ वन-अवर जर्नी’, पण ‘अ‍ॅन एट-अवर जर्नी’. पश्चिम घाटाबरोबर 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं कास ‘अ युनेस्को साइट’ आहे, आणि मुलं रोज ज्या गाडीनं शाळेत येतात ती ‘अ‍ॅन एसटी बस’.